चिमूटभर धुळीसाठी सात वर्षे

जहांगीर बादशाहने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. 'तुझुक-ए-जहांगीरी' या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. त्यात दरबार आहे, शिकारी आहेत, फुले-पक्षी आहेत, आणि एका दगडाची हकिकतही आहे. १६२१ सालच्या वसंतात जालंधर परगण्यातल्या एका गावात सकाळच्या वेळी पूर्वेकडून भयंकर आवाज झाला. लोकांची गाळण उडाली. त्या गलबल्यात आकाशातून एक उजेड जमिनीवर कोसळला. परगण्याचा अमील महंमद सईद याला खबर मिळाली, तेव्हा तो स्वतः जागा पाहायला गेला. दहा-बारा गज जमीन अशी भाजून निघाली होती, की गवताची काडी शिल्लक नव्हती. त्याने खोदायला लावले. जसजसे खाली जावे तसतशी धग वाढत गेली, आणि शेवटी लोखंडाचा एक गरम गोळा हाती लागला. तो थंड झाल्यावर मोहोरबंद करून दरबारी रवाना झाला. बादशाहने आपल्यासमोर वजन करविले. भरले १६० तोळे, म्हणजे आजच्या हिशेबाने दोन किलोच्या जरा आत.

मग उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला हुकूम झाला, की याची हत्यारे घडव. उस्तादाने सांगितले, हे लोखंड हातोड्याखाली टिकत नाही, फुटते. तेव्हा तीन हिस्से आकाशातले आणि एक हिस्सा जमिनीवरचे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी तयार झाली. सुरी आजही शाबूत आहे. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात ती ठेवलेली आहे.

ही हकिकत एकदा मगरिबनंतर आम्ही घरी सांगितली. मोठी मंडळी तलवारीत रमली. सातवीतल्या धाकटीने मात्र विचारले, "सगळंच वितळवून टाकलं? मग तो दगड कुठून आला, तिथं काय काय झालं होतं, हे कसं कळणार?"

प्रश्न मोठा वाजवी होता. आम्ही तिला म्हणालो, की दाऊद उस्तादाने भट्टी पेटवली नसती तरी अर्धी गोष्ट कळली नसतीच, कारण दगडाची पहिली भट्टी आकाशातच पेटलेली होती. आकाशातून येणारा दगड सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने हवेत शिरतो. त्याचे वरचे आवरण वितळून उडून जाते, आणि जमिनीवर पोचतो तो काळी कातडी चढलेला गाभा. त्यानंतर पाऊस, माती, माणसांचे हात. म्हणजे पुस्तक हाती येते, पण मुखपृष्ठ आणि पहिली पाने जळालेली. नेमक्या त्या पानांवर त्या दगडाने कोट्यवधी वर्षे मोकळ्या अवकाशात ऊन कसे सोसले, त्याच्यावर काय आदळले, तो कधी झाकला गेला आणि कधी पुन्हा उघडा पडला, हे लिहिलेले असते. ती पाने वाचायची तर दगड खाली पडण्याची वाट पाहून भागत नाही. वर जाऊन, न जाळता, तो आणावा लागतो.

जपानने ते सर्वप्रथम करून दाखवले. त्या प्रवासाची कहाणी आम्हाला इतकी आवडते, की या अंकातली आमची पाने त्यातच खर्ची पडणार आहेत. वाचकहो, सांभाळून घ्या.

रंग जुळत नव्हता

आधी हे सांगायला हवे, की एवढा खटाटोप कशासाठी होता. जमिनीवर पडलेले जे उल्कापाषाण संग्रहालयांत ठेवलेले आहेत, त्यांत फार मोठा वाटा एका साध्या जातीचा आहे. कॉन्ड्राइट म्हणतात त्यांना. आतून ते राखाडी असतात आणि त्यांत बारीक गोल दाणे दिसतात. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये जो लघुग्रहांचा पट्टा आहे, त्याच्या आतल्या बाजूला 'एस' जातीचे लघुग्रह पुष्कळ आहेत, आणि पृथ्वीच्या आसपास फिरणाऱ्यांतही त्यांची संख्या मोठी आहे. मग सरळ हिशेब असा, की सर्वात जास्त पडणारे दगड सर्वात जवळच्या, सर्वात विपुल लघुग्रहांवरून येत असणार.

पण दुर्बिणीने या लघुग्रहांचा प्रकाश तपासला, की तो त्या दगडांशी जुळत नसे. लघुग्रह अधिक काळपट आणि तांबूस दिसत. मुलगा बापासारखा दिसत नाही म्हणून नात्यावर शंका घ्यावी, तसा हा वाद कित्येक दशके चालला. काहींचे म्हणणे होते की नाते आहेच, फक्त लघुग्रहाचा चेहरा उन्हाने रापला आहे. परसात पडून राहिलेल्या तांब्याच्या हंड्याचे जसे होते, तसे. घासला तर आत तोच तांबडा धातू, पण वरून पाहणाऱ्याला ओळख पटत नाही. चंद्रावरून अपोलो मोहिमांनी आणलेल्या मातीत असे रापणे दिसले होते. सूर्याकडून सतत सुटणाऱ्या भारित कणांचा मारा आणि बारीक उल्काकणांचे आघात यांमुळे दाण्यांच्या पृष्ठभागावर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि त्यांनी मातीचा रंग बदलतो. लघुग्रहावरही हेच घडते का? तिथली धूळ हातात आल्याशिवाय याचा निकाल लागणार नव्हता.

हायाबुसा

हायाबुसा म्हणजे जपानी भाषेत बहिरी ससाणा. ९ मे २००३ रोजी जपानच्या दक्षिणेकडील उचिनोउरा येथून हे यान निघाले. ठिकाण होते इटोकावा नावाचा एक लघुग्रह. १९९८ साली तो सापडला, आणि जपानी अग्निबाणांचे जनक हिदेओ इटोकावा यांचे नाव त्याला देण्यात आले. लांबी अवघी ५३५ मीटर, आकार शेंगदाण्यासारखा, जरा वाकडा. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाच्या शिवाराएवढादेखील नाही. त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक लाखाव्या हिश्शाचे. तिथे माणसाने साधी उडी मारली तर तो परत खाली यायचा नाही, अवकाशातच निघून जाईल.

यानाला झेनॉन वायूवर चालणारी चार विद्युत इंजिने होती. त्यांचा जोर ऐकून हसू येते. तीन इंजिने एकत्र चालवली तरी तो रेटा एक रुपयाच्या नाण्याच्या वजनाएवढाही होत नाही. पण अवकाशात अडवणारे काही नसते. महिनोन्‌महिने रेटत राहिले की वेग साठत जातो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण कुठे खरी ठरत असेल तर ती या इंजिनांत.

संकटे पहिल्याच वर्षी सुरू झाली. २००३ च्या अखेरीस सूर्यावर मोठे वादळ झाले आणि यानाचे सौरपट्टे कमजोर झाले. वीज कमी, म्हणजे इंजिनांचा जोर कमी, म्हणजे पोचायला उशीर. यानाला हव्या त्या दिशेला तोंड करून ठेवणारी तीन फिरती चाके होती. त्यांतले एक जुलै २००५ मध्ये बंद पडले. सप्टेंबरमध्ये यान इटोकावापाशी पोचले, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसरे चाक गेले. तिथून पुढची सगळी कसरत एका चाकावर आणि छोट्या रासायनिक फवाऱ्यांवर चालली.

जवळून पाहिले तेव्हा इटोकावा हा एकसंध खडक नव्हताच. तो होता दगडगोट्यांचा ढीग. मोठमोठ्या शिळा, वाळू, खडी, सगळे एकमेकांच्या हलक्या ओढीवर टिकून राहिलेले, आणि आत सुमारे चाळीस टक्के जागा पोकळ. काही भाग शिळांनी भरलेले, तर काही अगदी गुळगुळीत, बारीक खडीचे. हे कसे झाले असेल? आपल्या घरातल्या बायकांना विचारा. सुपात धान्य घेऊन हिसका दिला, की बारीक एका बाजूला आणि जाड एका बाजूला होते. इटोकावावर सूप हलवते कोण, तर अधूनमधून येऊन आदळणारे छोटे दगड. प्रत्येक धक्क्याने सारा ढीग थरथरतो, आणि बारीक खडी सखल भागात जाऊन साठते. अशाच एका सपाट जागी यान उतरवायचे ठरले.

नमुना घेण्याची युक्ती अशी होती. यानाच्या पोटाखाली सुमारे एक मीटर लांबीचा एक नळकांड्यासारखा कर्णा होता. त्याचे टोक जमिनीला टेकले, की आतून पाच ग्रॅमची टँटलम धातूची गोळी जमिनीवर सुटायची. गोळीने उडालेले तुकडे कर्ण्यातून वर चढून डब्यात जायचे. तिथे वजनच नसल्यासारखे, म्हणून तुकडे आपोआप वर जातात. यान टेकायचे ते एखादा सेकंद, लगेच वर उठायचे. हे सगळे यानाला स्वतःच करायचे होते, कारण तेव्हा ते पृथ्वीपासून सुमारे तीस कोटी किलोमीटर दूर होते. इथून सांगितलेला शब्द तिथे पोचायला सोळा-सतरा मिनिटे, आणि उत्तर यायला तेवढीच.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मिनर्व्हा नावाचा छोटा यंत्रमानव सोडण्यात आला. तो लघुग्रहावर पडलाच नाही, अवकाशात भटकत निघून गेला. २० नोव्हेंबरला पहिला प्रयत्न झाला. आधी एक चकाकता गोळा खाली टाकला, उतरण्यासाठी खूण म्हणून. त्यावर १४९ देशांतल्या ८ लाख ८० हजार माणसांची नावे कोरलेली होती. यान खाली गेले, कुठल्याशा अडथळ्याची शंका येऊन त्याने गोळी झाडण्याचा बेत सोडला, पण वर उठायच्या ऐवजी ते खालीच गेले, आपटले, उसळले, आणि सुमारे अर्धा तास लघुग्रहावर बसून राहिले. इकडे जपानमध्ये कुणालाही पत्ता नव्हता, की आपले यान दुसऱ्या एका जगावर विसावले आहे. नंतर नोंदी तपासल्यावर ते कळले.

आठवड्याच्या आत दुसरा प्रयत्न झाला. या वेळी सगळे यथासांग झाल्याचा संकेत आला. नियंत्रण कक्षात आनंदीआनंद. पुढच्या दिवसांत नोंदी पुन्हा वाचल्या, तर या वेळीही बहुधा गोळी सुटलेली नव्हती. आज्ञांच्या यादीतच काहीतरी गफलत राहून गेली होती. इतका प्रवास, आणि बंदूकच चालली नाही.

आणि मग यानातून इंधन गळू लागले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते गरगरत भरकटले. आवाज बंद झाला.

अशा वेळी माणसे काय करतात हे पाहण्यासारखे असते. जुनिचिरो कावागुची यांच्या नेतृत्वाखालील त्या चमूने हाका मारणे थांबवले नाही. यान गिरक्या घेता घेता केव्हातरी त्याचे सौरपट्टे सूर्याकडे आणि अँटेना पृथ्वीकडे येईल, त्या क्षणी आपली हाक त्याच्या कानी पडली पाहिजे, एवढाच विचार. सात आठवड्यांनी, २३ जानेवारी २००६ रोजी, क्षीण असा प्रतिसाद आला. रासायनिक इंधन संपले होते. मग इंजिनांसाठीचा झेनॉन वायू तसाच थंड फवारून यानाचे तोंड वळवले गेले. सूर्यप्रकाशाचा जो अगदी नाममात्र दाब पडतो, त्याचाही उपयोग करून घेतला. ठरल्याप्रमाणे यान २००७ साली घरी यायचे होते. ते निघालेच २००७ मध्ये, आणि पोचायला २०१० उजाडले. नोव्हेंबर २००९ मध्ये शेवटचे उरलेले इंजिनही थांबले, तेव्हा एका बिघडलेल्या इंजिनाचा चांगला भाग आणि दुसऱ्या बिघडलेल्या इंजिनाचा चांगला भाग जोडून एक चालते इंजिन बनवले गेले. हे शक्य झाले, कारण बांधणाऱ्यांनी पुढची गरज ओळखून दोघांमध्ये एक छोटासा जोड आधीच घालून ठेवला होता. आपल्याकडे जुन्या दोन सायकलींची एक सायकल करणारे मिस्त्री असतात. त्यांना ही गोष्ट सांगावी, ते म्हणतील, त्यात काय नवल!

१३ जून २०१० च्या रात्री ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या वाळवंटावर यान परतले. तीन तास आधी त्याने नमुन्याची कुपी सोडून दिली होती. चाळीस सेंटीमीटर व्यासाची ती कुपी उष्णतारोधक कवचात सुरक्षित होती. यानाला मात्र कवच नव्हते, आणि बाजूला वळून निघून जायला इंधनही नव्हते. उरलेल्या वेळात त्याला वळवून पृथ्वीचे एक शेवटचे छायाचित्र घेतले गेले. मग ते कुपीच्या मागोमाग हवेत शिरले आणि तुकडे तुकडे होऊन जळून गेले. चित्रफितीत एक मोठा लखलखता लोळ विखुरताना दिसतो, आणि त्याच्या पुढे एक छोटा ठिपका शांतपणे चाललेला. जपानमध्ये या यानावर पुढे तीन चित्रपट निघाले, यात आश्चर्य नाही. दुसऱ्या दिवशी कुपी उचलण्याआधी तिथल्या आदिवासी समाजाच्या वडीलधाऱ्यांना हेलिकॉप्टरने नेऊन ती त्यांच्या पवित्र जागी पडलेली नाही ना, याची खात्री करून घेतली गेली. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो.

डबा उघडला तेव्हा

तोक्योजवळच्या सागामिहारा येथे नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत डबा उघडला. डोळ्यांना काहीच दिसले नाही. रिकामा!

पण यान अर्धा तास लघुग्रहावर बसून होते, आपटले होते, उसळले होते. त्या धक्क्याने थोडीफार धूळ उडून आत गेली असेलच, ही आशा होती. टेफ्लॉनच्या बारीकशा पट्टीने डब्याच्या भिंती खरवडल्या आणि पट्टीची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कण होते. नंतर त्यांनी जे केले ते वाचून आमच्या घरातल्या मंडळींना फार आनंद झाला. मसाल्याच्या डब्याच्या कोपऱ्यात चिकटलेली हळद काढायची असली, की आपण काय करतो? डबा उपडा धरतो आणि वरून थोपटतो. शास्त्रज्ञांनी तेच केले. खाली क्वार्ट्झची तबकडी ठेवून डबा थोपटला, आणि आणखी कण, त्यात जरा मोठेही, खाली पडले. एकेक कण उचलायला विद्युतभारित काचेची सुई वापरली.

नोव्हेंबर २०१० मध्ये जाहीर झाले, की सुमारे १५०० कण इटोकावाचेच आहेत. त्यांतले बहुतेक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे. शीर्षकात आम्ही चिमूटभर म्हटले खरे, पण ती अतिशयोक्ती झाली. चिमूट दूरच, बोटाच्या टोकालाही ते जाणवले नसते.

एवढ्याशा धुळीने काय सांगितले? २०११ च्या ऑगस्टमध्ये एकाच वेळी कित्येक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. पहिली गोष्ट, खनिजांची घडण साध्या कॉन्ड्राइट दगडांशी तंतोतंत जुळली, त्यातही 'एलएल' या उपजातीशी. बापलेकाचे नाते सिद्ध झाले. दुसरी गोष्ट, कणांच्या पृष्ठभागावर तो रापलेला थर सापडला. त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास, आणि त्यात लोखंडाचे ते अतिसूक्ष्म दाणे. कित्येक दशकांचा वाद एका पापुद्र्याने मिटवला. आकाशातून पडणाऱ्या दगडावर हा पापुद्रा कधीच सापडला नसता. तो सगळ्यात आधी जळतो.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वात रंजक वाटते. काही कणांच्या कडा धारदार होत्या, ताज्या फुटलेल्या काचेसारख्या. काहींच्या मात्र झिजून गोल झालेल्या, नदीतल्या गोट्यासारख्या. तिथे नदी नाही, वारा नाही. मग झिजवले कोणी? त्याच सुपाने. धक्क्यांनी ढीग हलतो, कण कणावर घासतो, आणि लाखो वर्षांत कडा मोडतात. खडी सखल भागात का साठली याचा जो अंदाज छायाचित्रांवरून केला होता, त्याची साक्ष कणांनी स्वतः दिली.

चौथे म्हणजे कणांत अडकलेला वायू. सूर्याकडून आलेले हेलियम, निऑन आणि आर्गॉन त्यांच्या वरच्या थरात रुतलेले होते. ते उघड्यावर असतानाच रुतू शकतात. काही कणांत हा वायू असा होता, की कण एकदा वर आला, गाडला गेला, पुन्हा वर आला, असा अर्थ निघतो. शिवाय दूरच्या अवकाशातून येणारे किरण दगडात मीटरभर शिरतात आणि आपली खूण सोडतात. त्या खुणा मोजल्या, तर हे कण पृष्ठभागाजवळ ८० लाख वर्षांपेक्षा जास्त काळ नव्हते असे दिसले. ८० लाख वर्षे आपल्याला अनंतकाळ वाटतो, पण साडेचार अब्ज वर्षांच्या हिशेबात ती कालची गोष्ट. म्हणजे जुनी धूळ तिथे टिकत नाही. ओढ इतकी कमजोर, की धक्क्यासरशी ती अवकाशात उडून जाते. दर दहा लाख वर्षांना काही दहा सेंटीमीटरचा थर असा जातो. या वेगाने अब्ज वर्षांच्या आतच इटोकावा उरणार नाही.

त्याच्या वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. मूळ मोठा पिंड, ज्याचा तो तुकड्यांचा ढीग आहे, साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा. तो पिंड कधी फुटला? २०१८ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कणांवरून दीड अब्ज वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या आघाताकडे बोट दाखवले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या चमूने तीन कण तपासून सांगितले, की हा ढीग किमान ४.२ अब्ज वर्षे जुना आहे. दुसऱ्यांचे म्हणणे खरे असेल तर ढिगाचा लघुग्रह फार चिवट ठरतो. अखंड खडक आघाताने फुटतो. ढीग मात्र वाळूच्या पोत्यासारखा, आतल्या पोकळीमुळे धक्का गिळून टाकतो.

याचे आपल्याला काय

१५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सूर्याहून तेजस्वी असा लोळ दिसला. सुमारे वीस मीटरचा दगड तीस किलोमीटर उंचीवर फुटला होता. प्रकाश पाहून माणसे काय ते बघायला खिडकीशी धावली. धक्क्याची लाट पोचायला मिनिटाहून जास्त वेळ लागला, आणि ती पोचली तेव्हा काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. सुमारे १५०० माणसे जखमी झाली, बहुतेक काचांनी. (असा झगमगाट कधी दिसलाच, तर खिडकीपासून दूर व्हा. मुलांनाही सांगून ठेवा.) नंतर जे तुकडे सापडले ते कोणत्या जातीचे होते? 'एलएल' कॉन्ड्राइट. इटोकावाच्याच जातीचे.

आमच्या महाराष्ट्रात तर याचा पुरावा जमिनीवरच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि बसाल्टच्या कातळात असे आघाताचे विवर जगात क्वचितच आढळते. मुलांना घेऊन आम्ही त्याच्या काठावर उभे राहिलो आहोत. खाली तळे, सभोवती झाडी, माकडे. पाहताना वाटत नाही, की हे एका क्षणात घडले असेल.

असा एखादा दगड पुढे कधी आपल्या वाटेवर असल्याचे कळले, तर त्याला ढकलायचे कसे? तो खडक आहे की ढीग, वर किती जाडीची खडी आहे, धक्का बसल्यावर तो फुटेल की तसाच राहील, हे आधी ठाऊक असावे लागते. दुर्बीण एवढे सांगत नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या ओसिरिस-रेक्स यानाने बेन्नू नावाच्या लघुग्रहाला हात लावला, तेव्हा जमीन अशी खचली, की यानाचा हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. फवारे सुरू झाले नसते तर तो आणखी आत गेला असता. जवळ जाऊन, दोन वर्षे फेऱ्या मारून, नकाशे काढूनही जमीन इतकी पोकळ असेल हे कुणी ओळखले नव्हते. शिवाय डब्यात इतके काही भरले, की दगड अडकून झाकण उघडेच राहिले आणि तुकडे बाहेर सांडू लागले. हायाबुसाच्या चमूला तो प्रसंग पाहून काय वाटले असेल! २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात त्याची कुपी उतरली. आत १२१.६ ग्रॅम माल होता. पुढे तपासात अमिनो आम्ले मिळाली, आणि खाऱ्या पाण्याचे डबके आटल्यावर मागे राहतात तसले क्षारही.

जपाननेही दुसरे यान पाठवले होते. हायाबुसा-२ आणि त्याचा र्‍युगू हा लघुग्रह. या वेळी मागच्या अनुभवातून एक धडाडीची गोष्ट केली गेली. वरची धूळ उन्हाने रापलेली असते हे आता सिद्ध झाले होते. मग न रापलेली पाहायची तर खणायला हवे. ५ एप्रिल २०१९ रोजी यानाने तांब्याचा एक गोळा स्फोटाच्या जोराने र्‍युगूवर आपटला आणि दहा मीटरहून रुंद खड्डा केला. आपण स्वतः ते लघुग्रहाच्या आड लपले होते. जुलैमध्ये त्या खड्ड्याजवळ उतरून आतून उडालेला माल उचलला. फेब्रुवारीत वरचा माल घेतलेलाच होता. या दोन्ही खेपांचा मिळून ५.४ ग्रॅम नमुना ६ डिसेंबर २०२० रोजी वूमेरालाच उतरला. या वेळी डबा उघडला तेव्हा काळे खडे साध्या डोळ्यांनी दिसत होते.

हायाबुसा-२ मात्र जळाले नाही. त्याच्यात इंधन उरले होते. कुपी टाकून ते तसेच पुढे निघून गेले. जुलै २०३१ मध्ये ते १९९८ केवाय २६ नावाच्या एका अगदी चिमुकल्या लघुग्रहापाशी पोचायचे आहे. हे ऐकून धाकटीने बोटांवर मोजले. म्हणाली, "तेव्हा माझी बारावी झालेली असेल." मग तिने जहांगीर बादशाहची सुरी कुठे ठेवली आहे ते पुन्हा विचारले, आणि वॉशिंग्टनला जायला किती पैसे लागतात तेही.